कोकणात बटाटा होतो का? पेण-रोह्यात बादलीत किंवा गोणीत लावायचा असेल तर हे वाचा

डिसेंबर उजाडला की पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे, अंडी, रताळी आणि बटाटे. यातला वाल भातानंतरच्या शेतातला असतो आणि भांबुर्डा बांधावरचा. बटाटा मात्र बाजारातून आणावा लागतो, तोही घाटावरून किंवा त्याहून लांबून आलेला.

हाच बटाटा घरच्या अंगणात किंवा गच्चीवर लावता येईल का? अनेक जण करून बघतात. घरातल्या कोंब आलेल्या बटाट्याचे तुकडे कुंडीत खोचतात. झाड हिरवंगार वाढतं. दोन-अडीच महिन्यांनी कुंडी उलटी केली की खाली चिंचोक्याएवढे चार बटाटे निघतात, नाहीतर नुसती मुळं. मग "कोकणात बटाटा होत नाही" असा निष्कर्ष काढला जातो.

तो निष्कर्ष पूर्ण खरा नाही. पेण-रोह्यात बटाटा होतो, पण वर्षातून एकदाच. बी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत गेलं पाहिजे. ही वेळ चुकली तर खत, पाणी आणि मेहनत कितीही घातली तरी कंद धरत नाहीत. असं का होतं आणि नेमकं काय करायचं, ते पाहू.

झाड वाढतं, मग बटाटे का लागत नाहीत?

बटाटा हे मूळ नाही. ते जमिनीखालचं खोड आहे. झाडाच्या जमिनीत गेलेल्या भागातून पांढऱ्या आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे तयार होतात. पानांनी दिवसभर तयार केलेलं अन्न या टोकांत साठतं.

ते साठायचं की नाही, हे मुख्यतः रात्रीच्या तापमानावर ठरतं. रात्र गार असेल तर झाड अन्न खाली पाठवतं. रात्र उबदार असेल तर तेच अन्न पाला वाढवण्यात आणि झाडाच्या श्वसनात खर्च होतं. कंद धरण्यासाठी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानलं जातं. रात्रीचा पारा २० च्या वर राहू लागला की कंदांची वाढ मंदावते, आणि तापमान ३० च्या आसपासच राहिलं तर ती जवळजवळ थांबते.

बटाट्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे. पेरू आणि बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून ३००० मीटरहून उंचावर, माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू केली. पोर्तुगीजांमुळे तो भारतात आला. मराठीतला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. थोडक्यात, हे थंड डोंगरावरचं पीक आहे आणि पेण-रोहा ही जवळपास समुद्रसपाटीवरची गावं आहेत.

महाराष्ट्रात बटाटा पिकतो तो मुख्यतः घाटावर. पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगाव भागात, विशेषतः सातगाव पठारावर, तो पावसाळ्यातही घेतात, कारण उंचीमुळे तिथला पावसाळा गार असतो. हे पाहून पेण-रोह्यात जूनमध्ये बटाटा लावला तर तो हमखास कुजतो. रायगडात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यातल्या रात्री उबदार असतात.

मग पेण-रोह्यात कधी लावायचा?

या भागात डिसेंबर आणि जानेवारीतल्या बऱ्याच रात्री पारा १५ ते १८ अंशांच्या आसपास उतरतो. दिवसही लहान असतो आणि लहान दिवस कंद धरायला मदत करतो. झाडाला नेमकं या दोन महिन्यांत कंद धरायला लावायचं, एवढंच काम आहे.

लावल्यापासून कोंब वर यायला १० ते १५ दिवस लागतात. साधारण ३० ते ४० दिवसांनी कंद धरायला लागतात आणि ८० ते ९० दिवसांत काढणीला येतात. हा हिशोब उलटा मोजला की वेळापत्रक असं तयार होतं:

- २० ऑक्टोबरच्या सुमारास: बियाण्याचे बटाटे निवडून कोंब आणायला ठेवा.
- ५ ते १५ नोव्हेंबर: लागवड.
- नोव्हेंबर अखेर: कोंब वर येतात.
- डिसेंबरचा पहिला आठवडा: पहिली मातीची भर.
- डिसेंबरचा तिसरा आठवडा: दुसरी भर. याच सुमारास कंद धरतात.
- जानेवारी: कंद फुगतात. पाणी नियमित हवं.
- जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा: काढणी.

दिवाळीच्या सुट्टीत लावू, असं अनेक जण ठरवतात. पण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात लावलेलं बी तापलेल्या मातीत सडू शकतं, म्हणून सणापेक्षा तारीख पाहा. उलट डिसेंबर अखेरीला लावलं तर कंद फुगायची वेळ थेट मार्चच्या उन्हात येते. तो उन्हाळा किती कडक असू शकतो? रायगड जिल्ह्यातल्याच भिरा इथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती.

बियाणं कोणतं घ्यायचं?

बाजारात बटाट्याच्या ज्या जाती 'कुफरी' या नावाने ओळखल्या जातात, त्या सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने तयार केलेल्या आहेत. कुफरी हे सिमल्याजवळचं ठिकाण आहे.

उबदार भागासाठी यातल्या दोन जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १९७२ मध्ये आलेली 'कुफरी लवकर' पठारी भागासाठी दिलेली, लवकर तयार होणारी जात आहे. तिच्या नावातला 'लवकर' हा आपला मराठीच शब्द. २००६ मध्ये आलेली 'कुफरी सूर्या' उष्णता सहन करणारी म्हणून ओळखली जाते. रात्री थोड्या उबदार असल्या तरी ती कंद धरते. मात्र घरासाठी दोन-चार किलो बियाणं मिळवणं सोपं नसतं. घाटावरचे शेतकरी पंजाबातून येणारं बियाणं गोणीच्या हिशोबाने घेतात. त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर मूठभर बटाटे मागून घ्या. 'पुखराज' ही जातही लवकर येते आणि तिचं बियाणं सहज मिळतं.

ते जमलं नाही तर भाजीवाल्याकडचा बटाटा चालतो. फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, बटाटा जुना हवा. ऑक्टोबरात बाजारात येणारा बराचसा माल शीतगृहातला असतो. त्याची विश्रांती संपलेली असते, म्हणून त्याला लवकर कोंब येतात. नुकत्याच काढलेल्या, पातळ सालीच्या नव्या बटाट्याला दोन-अडीच महिने कोंब येत नाहीत.

दुसरी, बटाट्याला आपोआप कोंब यायला हवेत. काही साठ्यांमध्ये कोंब रोखणारं औषध वापरलेलं असतं. असे बटाटे महिनाभर ठेवले तरी तसेच राहतात.

तिसरी, आकार कोंबडीच्या अंड्याएवढा, म्हणजे साधारण ४० ते ५० ग्रॅम असावा. मोठा बटाटा कापून लावण्यापेक्षा लहान बटाटा अख्खा लावणं कोकणात जास्त सुरक्षित आहे. कापलेला भाग उबदार, ओल्या मातीत पटकन सडतो.

निवडलेले बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून ठेवा. जागा हवेशीर हवी आणि तिथे उजेड हवा, पण थेट ऊन नको. दोन-तीन आठवड्यांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब कमजोर असतात आणि लावताना मोडतात.

बादली, गोणी की कुंडी?

पेण-रोह्याच्या भातखाचरांतली माती चिखलणीमुळे चिकट आणि घट्ट झालेली असते. बटाट्याला भुसभुशीत माती लागते. म्हणून इथे जमिनीपेक्षा बादली किंवा गोणी सोयीची पडते.

एका झाडाला साधारण १५ ते २० लिटर जागा द्या. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, तांदळाची किंवा सिमेंटची गोणी, जुना टब यातलं काहीही चालेल. रंगाची बादली स्वच्छ घासून घ्या. सिमेंटची गोणी आधी नीट झटकून धुवा. तळाला बोटाएवढी सहा-सात भोकं पाडा आणि खाली दोन विटा ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

भांड्याचा एक तोटाही आहे. उन्हात ते तापतं आणि आतली माती जमिनीपेक्षा जास्त गरम होते. काळी बादली शक्यतो टाळा. सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत ऊन मिळेल आणि नंतर सावली पडेल अशी जागा उत्तम. तशी जागा नसेल तर बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. रोज किमान सहा तास ऊन मात्र हवंच. घराच्या आतल्या खिडकीत बटाटा होणार नाही.

मातीचं मिश्रण असं करा: दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस. तूस गावातल्या भातगिरणीत सहज मिळतं. ते नसेल तर कोकोपीट घ्या. वर मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

माती घेताना काही गोष्टी टाळा:

- ताजं शेण घालू नका. त्यातून हुमणीची अळी येते आणि कंद पोखरते.
- आदल्या वर्षी वांगी, टोमॅटो किंवा मिरची लावलेली माती घेऊ नका. ही सगळी बटाट्याचीच भावंडं आहेत आणि मर रोग त्यांच्या मातीतून येतो.
- घरी विसर्जन केलेल्या गणपतीची शाडू माती बादलीत ओतू नका. शाडू फार बारीक असतो, सुकला की घट्ट बसतो आणि पाणी मुरू देत नाही.
- चुना किंवा भरपूर राख घालू नका. बटाट्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते. राख जास्त झाली तर सालीवर खवड्या उठतात.

खाडीलगतच्या गावांना एक इशारा

पेण तालुक्याच्या खाडीकडच्या पट्ट्यात खारजमीन आहे. तिथल्या मातीत आणि काही विहिरी-बोअरच्या पाण्यात मीठ असतं, आणि पावसाळा सरल्यावर ते वाढत जातं. बटाट्याला खारट पाणी सोसत नाही. पानांच्या कडा करपतात आणि कंद लहान राहतात. या गावांमध्ये बादलीत बाहेरून आणलेली माती भरा आणि नळाचं गोडं पाणी वापरा.

जमिनीत वाफा करायचा असेल तर माती-पाण्याची तपासणी करून घेतलेली बरी. रायगड जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रोहा तालुक्यात किल्ला इथे आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. तिथे याबाबत चौकशी करता येईल.

पश्चिम बंगालमधल्या सुंदरबनच्या खाऱ्या जमिनीतही भात काढल्यावर हाच प्रश्न येतो. तिथे शेतकरी नांगरणी न करता ओल्या जमिनीवर बटाटे ठेवून त्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर देतात. पेंढ्यामुळे माती गार राहते, ओल टिकते आणि खालचं मीठ वर कमी येतं. पेंढा पेण-रोह्यातही मुबलक आहे. बादलीतसुद्धा वरून चार बोटं पेंढा पसरला तर फरक पडतो.

लागवड कशी करायची?

बादलीत तळाला साधारण १५ सेंटिमीटर मिश्रण भरा. एका बादलीत एकच बटाटा, कोंब वर करून ठेवा. मोठ्या गोणीत दोन चालतील. वरून ८ ते १० सेंटिमीटर मिश्रण घाला. बादली इथे अर्धवटच भरलेली राहते, वरची जागा नंतरच्या भरीसाठी ठेवायची.

पाणी एकदाच, माती ओलसर होईल इतकं द्या. कोंब वर येईपर्यंत रोज पाणी घालायची गरज नसते. बी कुजण्याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे या पहिल्या दोन आठवड्यांतलं जादा पाणी.

झाड १५ ते २० सेंटिमीटर उंच झालं की खालचा निम्मा भाग झाकेल एवढं मिश्रण घाला. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दुसऱ्या भरीबरोबर मूठभर गांडूळखत द्या. युरिया देण्याचा मोह टाळा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि कंद उशिरा धरतात. कोकणात उशीर परवडत नाही.

पाणी किती द्यायचं? बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर द्या, ओल लागली तर थांबा. जानेवारीत कंद फुगत असताना माती एकदा पूर्ण वाळवून मग भरपूर पाणी दिलं तर बटाटे तडकतात किंवा वेडेवाकडे होतात.

व्हिडिओत दिसतं ते सगळं खरं असतं का?

"माती चढवत जा, चार फुटांचा मनोरा वरपासून खालपर्यंत बटाट्यांनी भरेल." असे व्हिडिओ खूप फिरतात. प्रत्यक्षात आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जातींमध्ये कंद बियाण्याच्या जवळपासच धरतात आणि एका ठरावीक काळातच धरतात. भर घालायची ती कंदांवर उजेड पडू नये आणि माती गार राहावी म्हणून. दोनदा घातली की पुरे.

"फुलं आली की बटाटे तयार." हे थंड देशांतलं गणित आहे. आपल्याकडे हिवाळ्यातल्या लहान दिवसांत अनेक जातींना फुलं येतच नाहीत. फुलांची वाट न पाहता दिवस मोजा.

"बटाट्याच्या सालीतून झाड." सालीवर डोळा असेल तर कोंब येतो, पण त्याला सुरुवातीला लागणारं अन्न सालीत फारसं नसतं. झाड अशक्त राहतं आणि आपल्याकडे तर ते सावरायला वेळही मिळत नाही.

कीड-रोगांचं काय?

पानांच्या खाली मावा किंवा पांढरी माशी दिसली तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा आणि आठवड्यातून एकदा ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी गोल ठिपके पडले तर तो बहुधा करपा असतो. ती पानं काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी द्या.

भर दुपारी नाही, तर सकाळीही झाड मलूल दिसत असेल आणि माती ओली असेल, तर मर रोगाची शक्यता धरा. त्यावर घरगुती उपाय नाही. ते झाड मातीसकट बाजूला करा आणि ती माती पुढे बटाटा, वांगी, टोमॅटो यांना वापरू नका.

उंदीर आणि घुशींना कंदांचा वास लागतो. अंगणातल्या गोण्या जमिनीवर न ठेवता उंच ओट्यावर ठेवा. माकडांचा वावर असेल तर वरून जाळी लागेलच.

काढणी, आणि हिरव्या बटाट्याचा धोका

८० दिवसांनंतर पानं पिवळी पडून झाड आडवं होऊ लागतं. तेव्हा पाणी बंद करा. आठ-दहा दिवसांनी बादली ताडपत्रीवर उलटी करा. बटाटे धुऊ नका. सावलीत, हवेशीर जागी तीन-चार दिवस पसरून ठेवा, म्हणजे साल घट्ट होते. मग टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

अंधार का? उजेड लागला की बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग स्वतः वाईट नसतो, पण त्याच्याबरोबर बटाट्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात. ती जास्त पोटात गेली तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. उकडून किंवा तळूनही ती नष्ट होत नाहीत. किंचित हिरवा डाग असेल तर जाड साल काढून तो भाग फेका. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागला तर पूर्ण टाकून द्या. झाडाला कधी छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळं आली तर तीही विषारी असतात, पानांसारखीच. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

किती बटाटे मिळतील?

सगळं जमून आलं तर एका बादलीतून अर्धा किलोच्या आसपास बटाटे निघणं हे कोकणासाठी चांगलं यश आहे. थंडी कमी पडली तर यापेक्षा कमी निघतील. माती, खत, पाणी यांचा हिशोब केला तर बाजारचा बटाटा स्वस्त पडेल. पैसे वाचवायला हा उद्योग नाही. पण चार-पाच बादल्या लावल्या तर घरच्या एका पोपटीपुरते बटाटे नक्की होतात, आणि ते तयारही होतात पोपटीच्या हंगामातच.

निघालेल्यातले बटाटे पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी ठेवू नका. मावा आणि पांढऱ्या माशीमुळे कंदांत विषाणू शिरतात आणि वर्षागणिक उत्पन्न घटत जातं. शिवाय कोकणातल्या उन्हाळा-पावसाळ्यात साधे बटाटे ऑक्टोबरपर्यंत टिकतही नाहीत. बियाणं दरवर्षी नवीन घ्या.

बाकीचे आठ-नऊ महिने बादली रिकामी ठेवायची गरज नाही. उबदार, पावसाळी हवेत वाढणारे कंद कोकणाकडे स्वतःचेच आहेत: कोनफळ, कणगर, करांदे, सुरण, अळू. मर रोग आलेला नसेल तर त्याच मातीत थोडं शेणखत मिसळून मे अखेरीला यातला एखादा कंद लावा. तो पावसाळाभर वाढेल. दिवाळीच्या आसपास पुन्हा बटाट्याची तयारी सुरू होईल, तेव्हा नवी माती आणि नवं बी घेऊन दुसरी बादली भरा.